चौदा की चाळीस?

मी पुण्यात चिनी भाषा शिकवते. टाळेबंदीत घरून सुरू केलेल्या ऑनलाइन क्लासचा पुढे दोन खोल्यांचा खराखुरा क्लास झाला. इतक्या वर्षांत एक वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल याची गणती नाही. नवी बॅच सुरू झाली की पहिल्या दिवशी, आणि पालक भेटायला आले की हमखास: "चिनी खरी शिकायची असेल तर वर्षभर चीनला जायलाच हवं. मी बीजिंगला गेले म्हणून मला आली."

मागच्या पावसाळ्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी वर्षभर तिथे राहून परतली. साताऱ्याकडची मुलगी, हुशार आणि धीट. नव्या बॅचपुढे चार शब्द बोल म्हणून मी तिला बोलावलं. ती फळ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तिथं गेल्याशिवाय ही भाषा येत नाही. चहूबाजूंनी चिनीच कानावर पडतं, मग आपोआप जमतं." मुलं भारावून ऐकत होती. वाक्य माझंच होतं, हातवाऱ्यांसकट.

क्लास सुटल्यावर आम्ही खाली अमृततुल्यमध्ये चहाला गेलो. मी सहज चिनीतून विचारलं, आईची तब्येत आता कशी आहे? ती क्षणभर गोंधळली, उत्तर मराठीत दिलं आणि कपाकडे बघत म्हणाली, "मॅडम, खरं सांगू का? मी तिथं वर्षभर हिंदीच बोलले."

"मीसुद्धा," असं मी म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. चहाचे पैसे दिले आणि घरी आले. त्या दिवशी गिळलेलं उत्तर आज लिहून काढते आहे.

मी बीजिंगला गेले 2014 साली. बाबांनी पीएफमधून पैसे काढले होते. हे आधीच सांगते, कारण पुढच्या सगळ्या खोटेपणाचं मूळ तिथे आहे. माझं विद्यापीठ शहराच्या वायव्येला, वुताओखौ भागाजवळ होतं. तेव्हा तिथे रस्त्याला छेदणारं रेल्वे फाटक होतं. फाटक पडलं की दोन्ही बाजूंना सायकली, रिक्षा, भाजलेली रताळी विकणारे आणि आम्ही परदेशी विद्यार्थी ताटकळत उभे. मराठी माणसाला दौंड-मनमाडची आठवण यावी असा देखावा. घरी पाठवलेल्या फोटोंमध्ये हे फाटक फार असायचं. चीन बघायला मिळतोय याचा तो पुरावा होता.

प्रत्यक्षात माझा दिवस असा जायचा. सकाळी चार तास वर्ग. वर्गात कोरियन, थाई, कझाक, पाकिस्तानी, नेपाळी. शिक्षिका आमच्याशी जे चिनी बोलायच्या ते जगात फक्त परदेशी विद्यार्थ्यांशी बोललं जातं: संथ, सुटंसुटं, प्रत्येक सूर घासूनपुसून. दुपारी वसतिगृह. परदेशी विद्यार्थ्यांची इमारत वेगळी, चिनी मुलांची वेगळी. संध्याकाळी कुणाच्या तरी खोलीत जमायचं, लाहोरची एक मुलगी डाळ करायची, काठमांडूचा एक मुलगा गिटार वाजवायचा. वर्षाच्या शेवटी माझं चिनी किती सुधारलं हे सांगता येत नाही, पण उर्दू झकास झालं होतं.

मग बाहेर कुणाशी बोलायचेच नाही का? बोलायचे. टॅक्सीवाल्यांशी. टॅक्सीवाले सगळीकडे तेच दहा प्रश्न विचारायचे: कुठल्या देशाची, वय किती, लग्न झालं का, पगार किती मिळतो, चिनी जेवण आवडतं का, तुमच्याकडे खरंच हाताने जेवतात का. पंधरा दिवसांत या दहा प्रश्नांची उत्तरं मी इतकी गुळगुळीत केली की उतरताना प्रत्येक जण म्हणायचा, "तुझं चिनी फार छान आहे." चिनी माणूस पाहुण्याचं कौतुक करण्यात कंजूषपणा करत नाही. तुम्ही नुसतं "नी हाओ" म्हटलं तरी तो हेच म्हणतो. मी ते खरं मानत गेले.

वर्षअखेरीला एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची चौथी पातळी पास झाले. त्या वेळच्या रचनेत चौथ्या पातळीला 1200 शब्द, पाचवीला 2500, सहावीला 5000. घरी पेढे वाटले. एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. या परीक्षेत तेव्हा ऐकणं, वाचणं आणि लिहिणं असायचं, बोलणं नसायचं. बोलण्याची परीक्षा वेगळी, तिचं नाव एचएसकेके, आणि तिच्या वाटेला मी गेलेच नव्हते. पेढा हातात घेतलेल्या बाबांना हे कोण सांगणार?

परतल्यावर त्या प्रमाणपत्रावर नोकरी मिळाली. चाकणच्या एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणारा कारखाना, चीनहून आलेली नवी यंत्रं आणि ती बसवायला आलेले पाच चिनी तंत्रज्ञ. दुभाषी मी. पहाटे पावणेसहाला कोथरूडहून कंपनीची बस.

तंत्रज्ञांत साठीला टेकलेले एक गृहस्थ होते. त्यांना सगळे शिफू म्हणायचे. कसबी कारागिराला किंवा ड्रायव्हरला चिनीत असं म्हणतात. आपल्या 'मिस्त्री'सारखंच, पण त्यात गुरूचा मानही असतो. पहिल्या दिवशी मी त्यांना विचारलं, तुम्ही कुठले? ते म्हणाले, "फूलान." चीनच्या नकाशात असा प्रांत मला आठवेना. फिनलंडला चिनीत 'फनलान' म्हणतात, तेव्हा हे गृहस्थ फिनलंडहून आले की काय, असाही एक विचार मनाला चाटून गेला. दोन दिवसांनी उलगडा झाला. ते हुनानचे. त्यांच्या बोलीत 'ह'चा 'फ' होतो आणि 'न'चा 'ल'. बीजिंगच्या वर्गात हे कुणी सांगितलं नव्हतं. टॅक्सीवाल्यांच्या दहा प्रश्नांतही ते आलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात ती घटना घडली. एका अ‍ॅल्युमिनियमच्या हाउसिंगवर झाकण बसवायचं होतं. आमचा फिटर टॉर्क रेंच हातात घेऊन उभा. त्याने विचारलं, "मॅडम, किती न्यूटनमीटर?" मी शिफूंना विचारलं. ते म्हणाले, "सी सी." मी ठणकावून सांगितलं, "चाळीस."

प्रमाण चिनीत चार म्हणजे 'सी' आणि दहा म्हणजे 'शि'. चाळीस म्हणजे चार-दहा, 'सी शि'. चौदा म्हणजे दहा-चार, 'शि सी'. आता हुनानच्या माणसाच्या तोंडात 'श'चाही 'स'च होतो. म्हणजे चाळीसही 'सी सी' आणि चौदाही 'सी सी'. फरक उरतो तो फक्त सुरांचा. चाराचा सूर वरून खाली आपटतो, दहाचा खालून वर चढतो. आधी आपटून मग चढला तर चाळीस, आधी चढून मग आपटला तर चौदा. शिफू चौदा म्हणाले होते. माझ्या कानाला दोन्ही सारखेच वाटले, आणि दोन्ही सारखे वाटतात हे कबूल करण्याइतका प्रामाणिकपणा माझ्यात नव्हता.

तिसऱ्या बोल्टला आवाज आला. अ‍ॅल्युमिनियमचे आटे गेले. फिटर माझ्याकडे बघत राहिला, मी शिफूंकडे. त्या दिवशी लाइन चार तास बंद होती. शिफू रागावले नाहीत. त्यांनी खिशातलं पेन काढलं, स्वतःच्या तळहातावर 14 लिहिलं आणि हात माझ्यासमोर धरला. मला ते श्याओ मेई म्हणायचे. म्हणाले, "श्याओ मेई, नाही समजलं तर नाही समजलं म्हण. लोखंड तुझं कौतुक करणार नाही."

माझं चिनी तिथून सुरू झालं. बीजिंगमध्ये माझ्या चुकीची किंमत शून्य होती. चुकीच्या सुरात नूडल्स मागवल्या तरी नूडल्सच यायच्या, वर कौतुकही. चाकणमध्ये एका सुराला चार तासांची किंमत होती. दुसऱ्या दिवसापासून आमचा नियम ठरला: प्रत्येक आकडा तोंडाने, बोटांनी आणि कागदावर. चिनी लोक एका हाताच्या बोटांवर दहापर्यंतचे आकडे दाखवतात, तेही मी तिथेच शिकले. रोज बसमध्ये मी आकडे पुटपुटायचे. शेजारच्या सीटवरच्या काकूंना वाटायचं, जप करते आहे.

शिफूंना जेवणासाठी, सिमकार्डासाठी, डॉक्टरांसाठी, सगळ्याला मी लागायचे. एकदा त्यांची दाढ दुखायला लागली. मी त्यांना दंतवैद्याकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी विचारलं, कसं दुखतं? शिफू म्हणाले, "स्वान." शब्द मला पाठ होता: स्वान म्हणजे आंबट. मी डॉक्टरांना इंग्रजीत सांगितलं, दाताला आंबट चव येते म्हणतात. डॉक्टर चक्रावले. मीही चक्रावले. मग एकदम डोक्यात उजेड पडला आणि मी मराठीत ओरडलेच, "दात आंबलेत त्यांचे!" डॉक्टर हसले, "असं सांगा ना मग." चिनी माणसाचे दात आंबतात, दिवसभराच्या कामाने कंबर आंबते, अंग आंबतं, सगळं 'स्वान'च. आपणही अगदी हेच म्हणतो. इंग्रजीच्या वाटेने गेले म्हणून मी चुकले होते. मराठीची वाट सरळ तिथे जात होती.

त्या दिवसानंतर मी उच्चारांकडेही नव्याने पाहिलं. चिनी उच्चार रोमन लिपीत लिहायची पद्धत, पिनयिन, 1958 साली स्वीकारली गेली. ती आपण इंग्रजीच्या सवयीने वाचतो आणि फसतो. शिफू 'बस' म्हणायचे ते मला 'पस' ऐकू यायचं, 'बटाटा' म्हणायचे ते 'पटाटा'. मला वाटायचं, त्यांना जमत नाही. हळूहळू कळलं की पिनयिनमधला 'बी' मुळात 'प'च आहे, आणि 'पी' म्हणजे 'फ'. तोही फॅनमधला नव्हे, फणसातला, ओठ मिटून उच्चारायचा. तसाच 'डी' म्हणजे त, 'टी' म्हणजे थ, 'जी' म्हणजे क, 'के' म्हणजे ख. अल्पप्राण आणि महाप्राण. बालवाडीपासून आपल्या जिभेवर असलेला हा भेद मी वर्षभर 'ब' आणि 'प' असा चुकीचा घोकत होते. 'झेड' म्हणजे चमच्यातला च, आणि त्यालाच श्वासाचा जोर दिला की 'सी'. बीजिंग मुळात 'पेइचिंग' आहे, त्यातला च चिंचेतला. ज्या शहरात मी वर्षभर राहिले, त्याचं नावही मला नीट घेता येत नव्हतं.

चार वर्षं अशी गेली. 2020 च्या जानेवारीत शिफू चिनी नववर्षासाठी गावी गेले. महामारीत सगळं ठप्प झालं आणि ते परत येऊ शकले नाहीत. त्याच जूनमध्ये आपल्या सरकारने चिनी अ‍ॅप्सवर बंदी घातली, त्यात वुईचॅटही होतं. काही आठवड्यांत ते भारतात बंद पडलं आणि शिफूंचे त्यात साठलेले आवाज, "श्याओ मेई, जेवलीस का?", तेही गेले. माझी नोकरी त्याआधीच सुटली होती. मी क्लास सुरू केला.

इथे कबुलीचा खरा भाग येतो. पहिल्या पालकांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही कुठे शिकलात?" तेव्हा मी 'चाकण' म्हणू शकले असते. म्हटलं 'बीजिंग'. 'चाकण' म्हटल्यावर कोण फी भरणार? आणि घरी, पीएफच्या पैशांचा विषय निघाला की बाबा अभिमानाने म्हणायचे, ते वर्ष सार्थकी लागलं. त्यांना खोटं पाडायची माझी छाती झाली नाही. खोटं पुन्हा पुन्हा सांगितलं की ते सल्ला होतं. माझ्या सल्ल्यावर मुलं जायला लागली. ऑगस्ट 2022 मध्ये चीनने भारतीय विद्यार्थ्यांना पुन्हा व्हिसा द्यायला सुरुवात केली, तशी मी त्यांना आणखी जोराने पाठवू लागले. त्यातली काही जेमतेम तीनशे शब्द गाठीला बांधून गेली. मी तेवढेच घेऊन गेले होते.

2023 साली मी स्वतः पुन्हा गेले, एका सत्रापुरती, हुनानची राजधानी छांगशाला. 180 दिवसांच्या आतल्या शिक्षणाला एक्स-2 व्हिसा पुरतो. तेव्हा थेट विमानं नव्हती, बँकॉकवरून वळसा घालून जावं लागलं. शहर निवडलं ते शिफूंच्या बोलीसाठी. या वेळी एक वही बरोबर होती. चाकणच्या चार वर्षांत जे जे अडलं होतं ते त्यात लिहिलेलं. एक प्रश्न होता 'छा पू त्वो'चा. शब्दशः अर्थ, फरक फार नाही. काम दाखवलं की शिफू हे म्हणायचे, आणि कधी काम पास व्हायचं, कधी परत करावं लागायचं. हे कौतुक आहे की नापसंती?

उत्तर मिळालं वसतिगृहाजवळच्या तांदळाच्या नूडल्सच्या टपरीवर. छांगशात सकाळ या नूडल्सनेच उजाडते. चपट्या की गोल हे आधी ठरवायचं, मग वर घालायचं कालवण, त्याला तिथे 'मात्झ' म्हणतात. तिखट असं की कोल्हापूरकरानेही मान डोलवावी. टपरीच्या मालकीणबाईंचा मुलगा सातवीत होता आणि इंग्रजीत कच्चा. आमचा सौदा ठरला: मी त्याला शिकवायचं, त्या मला फुकट खाऊ घालणार. चौदा वर्षांच्या कंटाळलेल्या मुलाला इंग्रजी व्याकरण चिनीतून समजावणं ही एचएसकेच्या कुठल्याही पातळीपेक्षा अवघड परीक्षा आहे. तो कौतुक करत नाही. जांभई देतो. महिनाभराने त्याची चाचणी झाली. आईने विचारलं, कसा गेला पेपर? तो म्हणाला, "छा पू त्वो." बाईंनी हातातली पळी त्याच्यावर उगारली. मी वही काढली आणि लिहिलं: स्वतःच्या कामाबद्दल म्हटलं तर बचाव, दुसऱ्याच्या कामाबद्दल म्हटलं तर सूर ऐकावा.

त्या चार महिन्यांत मी जेवढं शिकले तेवढं बीजिंगच्या वर्षात शिकले नव्हते. म्हणजे देशाचा उपयोग होतोच. पण मी त्या टपरीवर उभी राहू शकले ती चाकणच्या शिदोरीवर.

बीजिंगवर सगळं खापर फोडणंही बरोबर नाही. आमच्याच वर्गात निवृत्तीनंतर शिकायला आलेले एक कोरियन आजोबा होते. रोज संध्याकाळी ते जवळच्या बागेत चिनी बुद्धिबळाच्या पटाभोवती जमलेल्या म्हाताऱ्यांत जाऊन बसायचे. चुकीची चाल सुचवली की ते म्हातारे त्यांच्या अंगावर खेकसायचे. वर्षाअखेरीस आमच्या वर्गातलं सर्वांत जिवंत चिनी त्यांचं होतं. फाटक तेच, हवा तीच. ते शिव्या खायला गेले, मी डाळ खायला.

छांगशात शिफू भेटायला आले होते. दोघं श्यांग नदीच्या काठाने चालत होतो. बोलता बोलता त्यांनी विचारलं, "ख दाक्तर तुमच्याच भागातले ना?" मला क्षणभर लागला नाही. ख ती-ह्वा, म्हणजे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. चिनीत गेल्यावर त्यांच्या क चा ख झाला. 1938 साली ते वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, युद्धात जखमींवर शस्त्रक्रिया केल्या, चिनी शिकले, त्या भाषेत वैद्यक शिकवलं आणि 9 डिसेंबर 1942 ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. लहानपणापासून ऐकलेली ही गोष्ट मी नदीकाठी पहिल्यांदा भाषेच्या बाजूने पाहिली. कोटणीस चिनी शिकायला गेले नव्हते. समोर जखमी माणूस होता आणि त्याचं कुठे दुखतं हे कळल्याशिवाय हात लावता येत नव्हता. माझे आटे गेले तर चार तास लाइन बंद. त्यांच्याकडे चुकीला माणसाची किंमत होती.

हे सगळं कळूनही परत आल्यावर मी तेच वाक्य म्हणत राहिले, त्या पावसाळी संध्याकाळपर्यंत. सवय, अब्रू आणि फी.

परवा त्या साताऱ्याच्या मुलीला फोन केला आणि सगळं सांगितलं. पीएफ, डाळ, चौदा, चाळीस, सगळं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग तिने विचारलं, "म्हणजे माझं वर्ष फुकट गेलं का, मॅडम?" मी म्हटलं, माझं गेलं होतं तेवढंच. आपल्या दोघींकडे तिथली लिपी आहे, मैत्रिणी आहेत, आणि काय येत नाही त्याची यादी आहे. आता ती यादी घेऊन कामाला लाग. भोसरीत एका कारखान्यात दुभाषी हवी आहे, मी तुझं नाव सुचवलंय.

"मला जमेल?"

"पहिल्या दिवशी नाही जमणार. आकडा आला की कागदावर लिहून घे. आणि नाही समजलं तर नाही समजलं म्हण."

बाबांना अजून सांगायचं आहे. या रविवारी सांगेन म्हणते.